एका झऱ्यावर त्रेचाळीस घरं

माझा स्वभाव जळका आहे. पुढे दुसऱ्या कोणाच्या तोंडून हे ऐकण्यापेक्षा मीच सांगून टाकलेलं बरं. शेजारच्या मळ्यात आमच्याआधी माल भरायला गाडी लागली की माझा घास कडू होतो. धाकट्या बहिणीने नवा सोफा घेतला, तर त्यावर बसून मी आधी त्याचा पाय हलतो का ते बघितलं होतं. पण डोंगरातल्या एका पाड्यावर आणि आमच्याकडे चौदा हंगाम कामाला आलेल्या एका बाईवर मी इतकी जळेन असं कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

आमचं गाव सायखेडा, गोदावरीच्या काठावर. द्राक्षं, कांदा, ऊस, टोमॅटो, काय म्हणाल ते पिकतं. दरवर्षी दिवाळी झाली की पेठ तालुक्याकडच्या डोंगरातून मजुरांच्या टोळ्या उतरतात आणि आमच्या मळ्यांमध्ये राहतात. ते इकडे येतात, आम्ही तिकडे जात नाही. माझ्या सासरी चार पिढ्यांत कोणी तिकडे गेल्याचं मला माहीत नाही. म्हणून हे लिहितेय.

आमच्याकडे येणारी टोळी लक्ष्मण आणि त्याची बायको यशोदा यांची. वीस-बावीस माणसं. त्यात यशोदाचा हात म्हणजे सोनं. द्राक्षाच्या घडावर मणी दाटीने लागतात, ते तसेच राहू दिले तर एकही धड फुगत नाही. म्हणून कात्रीने मधले मणी काढून घड विरळ करावा लागतो. आम्ही त्याला थिनिंग म्हणतो. कोणता मणी ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे यशोदाला बघावंही लागत नाही. बाकीच्या बायांचे तीन घड होतात तेव्हा तिचे पाच झालेले असतात.

या वर्षी दिवाळीनंतर मी फोन केला, तर ती म्हणाली, "ताई, औंदा आमी नाय येत."

"म्हणजे उशिरा येणार?"

"नाय येत म्हंजे नाय येत. पाड्यातून कोनीच नाय."

माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला, की कोणीतरी यांना पळवलं. पिंपळगावकडच्या एखाद्या मोठ्या बागाईतदाराने गाडी पाठवली असणार. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते कॉटवर पडून म्हणाले, "दुसरी टोळी बघू." मी म्हटलं, दुसरी कशाला? मी स्वतः जाते आणि घेऊन येते. दिवाळीचा उरलेला चिवडा, शंकरपाळे, यशोदासाठी एक साडी आणि पिण्याच्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन मी निघाले.

पंचवटी

पहिला मुक्काम बहिणीकडे. मंगल पंचवटीच्या पुढे पेठ रोडला राहते, पाचव्या मजल्यावर. रिक्षाने पंचवटी ओलांडायलाच पाऊण तास गेला. कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खणलेले, भाजीबाजाराच्या तोंडाशी हातगाड्या, त्यातून दुचाक्या अंग चोरून निघत होत्या. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, माणूस वाढला आणि रस्ता तेवढाच राहिला, दुसरं काय."

मंगलच्या इमारतीखाली टँकर लागलेला होता. दिवाळी नुकतीच झालेली, धरणं भरलेली, आणि हिच्याकडे टँकर! वर गेले तर न्हाणीघरात बादल्यांची रांग. गॅलरीत उभी राहून ती समोरचे टॉवर दाखवत होती. "आम्ही आलो तेव्हा इथे सगळी पेरूची बाग होती गं. आता बारा इमारती आहेत आणि पाइप तोच आहे." तिचा चेहरा रडवेला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला आतून बरं वाटलं. एवढा सोफा घेतला आणि अंघोळीला बादली मोजून.

तसं आमचंही काही खरं नाही, ते मी तिला सांगितलं नाही. नाशिक वाढलं की सायखेड्यात आधी कळतं, नदीच्या रंगावरून. वर जेवढी घरं वाढतात तेवढं सगळं वाहत आमच्याकडे येतं. उन्हाळ्यात पाणवेली इतक्या माजतात की नदी आहे का गवताचं रान ते कळत नाही. घरासमोर अख्खी गोदावरी आहे आणि आम्ही प्यायला पाण्याचे जार विकत घेतो. माझ्या सासूबाई ओंजळीने नदीचं पाणी प्यायच्या. मी ते पाणी गुरांना दाखवायलाही घाबरते.

घाटापलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरून काळीपिवळी जीप मिळाली. नऊ जणांच्या जागेत चौदा बसलो. माझ्या मांडीवर कोणाचं तरी गाठोडं होतं, त्यात कोंबडी होती, हे अर्ध्या तासाने कळलं. सावळ घाट लागला तशी हवा बदलली. मी या बाजूला कधी आले नव्हते, आणि खिडकीतून जे दिसलं त्याला तयार नव्हते. उतारावरचं भात कापून झालेलं, नागलीच्या म्हणजे नाचणीच्या पेंढ्या बांधून ठेवलेल्या, आणि अधूनमधून खुरासणीची, म्हणजे कारळ्याची शेतं अशी पिवळीधमक, की जणू हळदीचं ताट उपडं केलंय. आमच्याकडे सगळं हिरवं असतं, पण ते तारेवर ताणून बांधलेलं हिरवं. इथे कोणी काही ताणलेलं दिसत नव्हतं.

जीपवाल्याने मला चुकीच्या फाट्यावर उतरवलं. एकाच नावाचे दोन पाडे, आणि मला हवा तो तीन किलोमीटर पुढे. त्यात चपलेचा अंगठा तुटला. डोक्यावर नागलीचे भारे घेतलेल्या दोन बाया मागून आल्या. एकीने भारा न उतरवता, मान ताठ ठेवूनच, कंबरेच्या गाठीतून सुतळी काढून दिली. "बांधा न चाला. आमी हाव संगं." मी चप्पल बांधेपर्यंत ती भाऱ्यासकट उभी राहिली. आमच्या रस्त्यावर चालणारं माणूस दिसलं तर लोक गाडी थोडी बाजूला घेतात, तेवढंच.

यशोदाच्या पाड्याचं सरकारी नाव वेगळं आहे. तिथले लोक त्याला मोहाचा पाडा म्हणतात, मीही तेच म्हणते.

मोहाचा पाडा

मला दारात बघून यशोदा गडबडली नाही, याचाच मला पहिला धक्का बसला. आमच्याकडे ती ओट्याच्या खाली उभी राहून बोलते. इथे तिने बाज टाकली, मला बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण त्या उंबऱ्यावर ती घरची मालकीण होती. तिने तांब्या पुढे केला. मी पिशवीतली बाटली काढणार होते, हात अर्ध्यावर राहिला. आमच्याकडे मजुरांचे चहाचे पेले कोनाड्यात वेगळे ठेवलेले असतात. ती मला तिच्या घरच्या तांब्याने पाणी देत होती.

मी प्याले. पाणी इतकं गोड होतं की मला रागच आला. गार, हलकं, कशाचाही वास नसलेलं. मी तांब्या रिकामा केला आणि दुसरा मागितला.

"कुठलं हे?"

"झऱ्याचं. वरल्या अंगाला हाय."

"जार नाही घेत तुम्ही?"

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

जरा वेळाने मी मुद्द्यावर आले. "खरं सांग यशोदा. कोणाच्या मळ्यात चाललात या वर्षी?"

"आमच्याच," ती म्हणाली.

आणि तिने मला नेऊन दाखवलं. घरामागे उतारावर पायऱ्या पाडलेल्या, प्रत्येक पायरीवर काळा प्लास्टिकचा कागद आणि त्यातून डोकावणारी स्ट्रॉबेरीची रोपं. काहींना पांढरी फुलं आलेली. मी तीस वर्षं बाग करतेय, रोप बघून मला कळतं. रोपं उत्तम होती. पाइपातून थेंब थेंब पाणी पडत होतं. शेजारच्या घराच्या मागे तसंच, त्याच्या पलीकडे तसंच.

तिने सगळं चालता चालता सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा पाड्यावर अकरा घरं होती. आता त्रेचाळीस. झरा एकच. मध्ये झाडं तुटली, घरं वाढली, मार्चमध्येच झरा रडायला लागायचा, म्हणून तर सगळे खाली आमच्याकडे यायचे. मग चार-पाच वर्षांपूर्वी पाड्याने बसून ठरवलं. वरचं रान चराईला बंद. तिथे पाणी मुरायला चर खणायचे. झऱ्याखाली टाकी बांधायची. आणि झऱ्याच्या पाण्यावर प्रत्येक घराने दहाच गुंठे भिजवायचे, एक गुंठाही जास्त नाही. पोरगा वेगळा निघाला तर त्याला बापाच्या दहातले पाच. नवीन वाटा नाही. या वर्षी पहिल्यांदाच पाणी हंगामभर पुरेल असं दिसलं, म्हणून आता कामाला खाली जायचं नाही असं पाड्याने ठरवलं.

"आणि जास्त पाहिजे असलं तर?"

"सगळ्यालाच जास्त पायजे, ताई. पन झरा तर तेवढाच हाय."

हे ती इतक्या साध्या आवाजात बोलली. माझ्याकडे अकरा एकर बाग आहे, तीन बोअर आहेत, नदीवरून पाइपलाइन आहे आणि मला अजून पाहिजे. इथे ही बाई दहा गुंठ्यांत उभी राहून मला सांगत होती की पुरे. मला तिचे दहा गुंठे नको होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहिजे होतं, आणि ते मिळत नसेल तर निदान तिच्याकडेही राहू नये असं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तेव्हा असंच वाटलं.

दुपारी जेवायला नागलीची भाकर, उडदाचं भुजं आणि खुरासणीची चटणी. भुजं म्हणजे भाजलेल्या उडदाचं दाट, तिखट कालवण. भाकर काळी दिसते म्हणून मी आधी अर्धीच घेतली, मग दोन खाल्ल्या. लक्ष्मण पंगतीत बसून गालात हसत होता. तो मुळातच कमी बोलतो. आमच्याकडे टोळीचा मुकादम म्हणून वीस माणसं हाकतो, पण घरात यशोदा बोलली की त्याचं काम संपतं.

हिरामण

संध्याकाळी त्यांचा मोठा मुलगा आला. हिरामण, सव्वीस-सत्तावीसचा. नाशिकजवळ अंबडला एका कारखान्यात सहा वर्षं होता. दोन खोल्यांत तीन कुटुंबं, सार्वजनिक नळावर भांडणं, हे सगळं सोडून गेल्या वर्षी बायको आणि लहान मुलीला घेऊन परत आला. त्याला नियमाने आई-बापाच्या दहातले पाच गुंठे मिळाले. पाच गुंठ्यांत संसार होत नाही, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी कोण ते कळल्यावर तो सरळ माझ्यासमोर येऊन बसला.

"ताई, तुमच्याकडं बोर किती हायत?"

"तीन."

"किती खोल?"

"पहिला दोनशे फूट. तिसरा सहाशेच्या पुढे गेला."

"बघ," तो आईला म्हणाला. "आन आमी हंडे मोजत बसलोय."

त्याने बोअरच्या गाडीवाल्याशी बोलणी करून ठेवली होती. झऱ्याच्या वरच्या अंगाला, पाड्याच्या सामाईक जागेत एक बोअर मारायचा. पण पाड्याची संमती पाहिजे होती, आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बसणार होते. यशोदा भांडी आवरत म्हणाली, "मला भ्या वाटतं." हिरामण म्हणाला, "तुला सगळ्याचंच भ्या वाटतं." मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमी बोला उद्या. तुमचं आयकतील."

मी म्हटलं, "बघू."

आता इथे मला मागे जायला हवं. आठ वर्षांपूर्वी आम्ही तिसरा बोअर मारला. पाणी इतकं उसळलं की ह्यांनी पेढे वाटले. आमच्या बांधापलीकडे माझ्या मोठ्या जावेची विहीर होती, तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्याच सासऱ्यांच्या काळातली. तिसऱ्या आठवड्यात त्या विहिरीचा तळ दिसला. पुढच्या वर्षी जावेने बाग उपटली. मी सगळ्यांना सांगितलं की पाऊस कमी झाला. जाऊ माझ्याशी बोलत नाही. आमच्या घरात त्या विहिरीचं नाव कोणी काढत नाही.

तर हिरामणला मी जे सांगायला हवं होतं, ते मला पक्कं माहीत होतं. आणि तरी माझ्या मनात आलं ते असं. इथे बोअर झाला, झरा गेला, तर फेब्रुवारीपर्यंत ही सगळी माणसं आमच्या मळ्यात असतील. मला कोणाची विनवणी करावी लागणार नाही.

झरा

सकाळी यशोदा मला झऱ्यावर घेऊन गेली. दहा मिनिटांची चढण. वरचं रान खरंच दाट होतं, साग, ऐन, मध्ये करवंदीच्या जाळ्या. कपारीतून बोटभर जाड धार पडत होती, एवढीच. मी काहीतरी मोठं कल्पून आले होते.

तिने हंडा धारेखाली धरला आणि मोठ्याने एक, दोन, तीन म्हणायला लागली. दर आठवड्याला ती हे करते. हंडा किती अंकांत भरतो त्यावरून पाडा ठरवतो, की या आठवड्यात टाकीचा नळ किती वेळ सोडायचा. "मी नवरी आले तवा वीसपर्यंत भरायचा. मग साठावर गेला. तवा आमी रडलो. आता पस्तीसला आलाय."

हंडा पस्तीसलाच भरला. ती आनंदली. मग हंडा बाजूला ठेवून तिने माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुमाला ठाव आसंल. वर बोर मारला तर ह्याला काय व्हईल?"

मी धारेकडे बघत म्हटलं, "ते जमिनीवर अवलंबून असतं गं. नक्की असं सांगता येत नाही."

तिने हंडा डोक्यावर घेतला आणि पुढे चालू लागली. तिची पाठ सरळ होती आणि हंड्यातलं पाणी सांडत नव्हतं, आणि मला त्याचाही राग आला.

सभा

समाजमंदिरासमोर सगळे जमले. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पण बोलायला बाया कमी नव्हत्या, हे मी आमच्या ग्रामसभेत कधी बघितलं नाही. हिरामण चांगलं बोलला. नव्या सहा संसारांची नावं घेतली. ते पुन्हा अंबडला, गुजरातेत, खाली मळ्यांमध्ये जाणार का, असं विचारलं. "पोरं जन्माला घातली तर त्यांना पानी पन द्यावं लागंल का नाय?" तरुण पोरांनी माना डोलावल्या. मलाही ते पटण्यासारखं वाटलं.

मग त्याने मला पुढे बोलावलं. मी उभी राहिले. म्हटलं, बोअर झाले म्हणून आमच्याकडे बागा उभ्या राहिल्या. पोरं शिकली. घरं झाली. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग वरलं पानी कमी नाय झालं?"

मी म्हटलं, "नाही. आमचं नाही झालं."

हेही खरंच होतं. आमचं नव्हतंच झालं.

तेव्हा यशोदा उठली. माझ्याकडे न बघता, सगळ्यांकडे तोंड करून बोलली.

"ताईंच्या जावंची हीर होती. आंब्याखाली. आमी थिनिंगला जायचो तवा त्या हिरीचंच पानी प्यायचो, सावली होती म्हून. एक दिस मी बादली सोडली न ती दगडावर वाजली. दोर वर वढला तर बादलीत चिखल. समोरच्या वावरात ताईंचा नवा बोर चालू होता, पाइपातून धो धो. मी तितं हुबी राहून दोनीकडं बगितलं. हे मी कोनाला बोलले नाय आजवर. त्या घरचं खाल्लंय."

मग ती माझ्याकडे वळली. "खरं का नाय, ताई?"

सगळा पाडा माझ्याकडे बघत होता. मला दहा कारणं सुचत होती. तेव्हा पाऊस कमी होता. विहीर उथळ होती. खालचा खडक वेगळा असतो. ही सगळी कारणं मी आठ वर्षं घरी वापरली होती. आणि यशोदा सकाळी झऱ्यावर मला विचारत होती तेव्हा तिला उत्तर माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. मी काय उत्तर देते, तेवढंच तिला बघायचं होतं.

"खरं आहे," मी म्हटलं.

हिरामण ताडकन उभा राहिला. मला वाटलं आईवर ओरडेल. तो माझ्यावर ओरडला. "तुमी तीन मारले. तुमी प्यालात, बागा केल्यात, आता आमी एक मारायचा म्हनलं तर सगळ्यांना भ्या वाटतंय. आमच्याच वक्ताला बरं सगळं संपतं!"

यशोदा खाली बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. बोअर नको असं ठरलं. कोणाला विजय झाल्यासारखं वाटलं नाही. लोक उठून घरी गेले.

मी पिशवी भरली. जीप दुपारी होती. साडी द्यायचं धाडस होईना, तरी बाजेवर ठेवली. घराच्या आत मायलेकांचं बोलणं चाललं होतं, मध्येच सुनेचा आवाज. मी ओट्यावर बसून समोरच्या खुरासणीकडे बघत होते आणि मला लाज वाटत होती. लाजेतही जळफळाट होता, हे सांगायलाच हवं. आमच्या घरात आठ वर्षांत जे कोणी तोंडातून काढू शकलं नाही, ते यांनी सकाळी एका बैठकीत बोलून टाकलं होतं.

यशोदा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं. मागे लक्ष्मण, खांद्यावर घोंगडी.

"चला ताई."

मला कळेना. "कुठे?"

"तुमच्या मळ्यात. आमी दोगं येतो. औंदाचे दहाच्या दहा गुंठे हिरामन करंल. आमचं पोट आमी खाली भरू."

"अगं पण... पाड्यातून कोणी जायचं नाही असं ठरलंय ना?"

"कोनी जाऊ नये असं नव्हतं ठरलं," ती म्हणाली. "कोनाला जावं लागू नये असं ठरलं व्हतं."

हिरामण दारात उभा होता. त्याने आईचं गाठोडं फाट्यापर्यंत आणलं. जीप सुटताना त्याने लहान मुलीला वर उचललं, आणि यशोदा दिसेनासं होईपर्यंत मान वळवून बघत राहिली. मी तिच्या शेजारी बसले होते. जिला न्यायला आले होते तिला घेऊन चालले होते. परतताना पिवळी शेतं मागच्या बाजूला पडली, मी बघितली नाहीत.

सायखेडा

येऊन महिना झाला. थिनिंग संपत आलं आहे. ह्यांना मी सगळं सांगितलं, ते म्हणाले, "तिसरा बोअर या हंगामात बंद ठेवून बघू." ठेवला आहे. जावेच्या विहिरीला काही पाणी आलेलं नाही. कदाचित येणारही नाही. जावेच्या दारात मी अजून गेलेले नाही. रोज जायचं ठरवते आणि रोज काहीतरी काम निघतं.

यशोदा मात्र आल्या दिवशीच तिच्याकडे जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. दोघी आता बांधावर उभ्या राहून बोलतात, मी ओळीआडून बघते, आणि पुन्हा जळते. स्वभाव काही एका प्रवासात बदलत नाही.

परवा मी कात्री घेऊन तिच्या शेजारची ओळ धरली. मालकिणीने ओळ धरायची पद्धत आमच्याकडे नाही, पण माणसं कमी होती. तासभर आम्ही दोघी कात्री चालवत होतो. नुसते मणी खाली पडत होते. शेवटी मीच विचारलं.

"यशोदा, त्या दिवशी तुला माझा राग आला असेल ना?"

तिने घडावरून नजर काढली नाही.

"आला," ती म्हणाली.

मी वाट बघितली. वाटलं, आता म्हणेल, जाऊ द्या ताई, झालं गेलं. आमच्याकडे असंच म्हणतात.

"आजून हाय," ती म्हणाली, आणि तिने पुढच्या घडाला हात घातला.